हवेवर गेलेलं बोलणं

सात रस्त्याजवळ उदयसिंह जगदाळे यांचं बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे. दुकानाच्या वर एक खोली आहे, खोलीवर गच्ची आणि गच्चीवर आजूबाजूच्या सगळ्या होर्डिंगांपेक्षा उंच असा अँटेना. ही सोलापूरच्या हॅम रेडिओ क्लबची जागा. खोली उदयसिंहांची, टेबल त्यांचं, अँटेनाही त्यांनीच उभा केलेला, त्यामुळं क्लबही आपलाच आहे असं त्यांना वाटायचं. बाकीच्या सभासदांना हे माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. खोली झाडायचं काम तरी आपल्याकडं येत नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलेला आणि घरच्या रेडिओ सेटवरून लांबलांबच्या माणसांशी बोलत बसणारा हौशी माणूस. हातात मोबाइल असताना हा उद्योग कशाला, असं त्याला सगळे विचारतात. उदयसिंहांचं उत्तर ठरलेलं होतं की मोबाइल बंद पडतील त्या दिवशी तुम्हीच आमच्याकडं याल. शाळांमधून प्रात्यक्षिक दाखवायला गेले की ते आणखी एक गोष्ट सांगत. हवेवर, म्हणजे रेडिओवर, आडनाव नसतं. परवान्याबरोबर मिळालेला अक्षरं-आकड्यांचा कॉलसाइन आणि नुसतं नाव, एवढ्यावर माणूस ओळखला जातो, तिथं जात विचारत नाहीत. हे सांगताना ते शेजारी उभ्या असलेल्या दिपक सर्वगोडच्या खांद्यावर हात ठेवत. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर ठेवत नसत. हे दिपकच्या लक्षात आलेलं होतं, उदयसिंहांच्या आलेलं नव्हतं.

दिपक बँकेत अधिकारी होता, चाळिशीला टेकलेला, मुलगी शाळेत जाणारी. कुंभारीला त्यानं घर बांधलं होतं. परवान्याच्या परीक्षेला त्याला उदयसिंहांनी एक पुस्तक दिलं होतं, आणि त्या पुस्तकाची आठवण ते त्याला अजून करून देत. बदल्यात म्हणा किंवा स्वभाव म्हणून म्हणा, उदयसिंहांच्या घरचा अँटेना वाऱ्यानं वाकला की तो सरळ करायला दिपकच गच्चीवर चढायचा. उदयसिंह त्याला अरे-तुरे करत. तो त्यांना सर म्हणे.

त्या पावसाळ्यात सीनेला असा पूर आला की विजापूर रस्त्यावरचा पूल पाण्याखाली जायच्या बेताला आला. नदीपलीकडच्या मंद्रूपची वीज गेली, टॉवर गेले, आणि पलीकडं काय चाललंय ते अलीकडं कुणालाच कळेना. तेव्हा कलेक्टर ऑफिसातून क्लबला फोन आला. वर्षानुवर्षं सांगत आलेलं खरं ठरलं म्हणून उदयसिंहांना आनंद झाला. पुराचा नव्हे, पण झाला. त्यांनी लगेच खोलीत सगळ्यांना बोलावून कामं वाटली. स्वतः ते सात रस्त्यावरून सगळ्यांचं नियंत्रण करणार, म्हणजे प्रत्येक निरोप त्यांच्यामार्फत जाणार. त्यांची मुलगी उत्कर्षा हिच्याकडंही परवाना होता. मी मंद्रूपला जाते, असं ती म्हणाली. तिला त्यांनी कलेक्टर ऑफिसातल्या कंट्रोल रूमचा सेट दिला, तिथं डोक्यावर छप्पर होतं आणि जेवण येणार होतं. मंद्रूपला कोण जाईल, असं विचारताना त्यांनी दिपककडंच बघितलं. दिपकनं बँकेत रजा टाकली आणि पूल बंद व्हायच्या आधी तो बचाव पथकाच्या गाडीतून पलीकडं गेला. त्यालाच का पाठवलं, हा प्रश्न खोलीत कुणालाही पडला नाही.

मंद्रूपला सिद्राम गुरुजी म्हणून क्लबचे जुने सभासद आहेत. त्यांच्या शाळेच्या वर्गात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेट लागला आणि काम चांगलं सुरू झालं. कुठल्या वस्तीवर माणसं अडकलीत ते दिपक सांगायचा, उदयसिंह ते उत्कर्षाला कळवायचे, तिथले अधिकारी बोट कुठं न्यायची ते ठरवायचे आणि तो हुकूम त्याच वाटेनं परत जायचा. पलीकडं बोट एकच होती. बोटीतल्या माणसांकडंही हातात धरायचा सेट होता. उदयसिंह शांत, भारदस्त आवाजात बोलत आणि प्रत्येक निरोप दोनदा वदवून घेत. काम चोख चाललं होतं, हे त्यांचं श्रेय त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

पूर चढलेला असतानाच एका दिवशी दुपार कलल्यावर शहाजी आला. शहाजी हा उदयसिंहांचा कॉलेजातला मित्र आणि वॉर्डातला माजी नगरसेवक. त्याच्याबरोबर चार कार्यकर्ते, मोबाइलवर बातम्या चालवणारा एक कॅमेरावाला, एक सोलापुरी चादर आणि एक नारळ असा लवाजमा होता. पुरात अहोरात्र सेवा करणाऱ्या क्लबचा सत्कार. उदयसिंह म्हणाले की ही काय वेळ आहे का सत्काराची, आणि असं म्हणत त्यांनी खिशातला कंगवा काढून केस नीट केले. चादर खांद्यावर पडली, नारळ हातात आला, फोटो निघाले. मग त्यांनी चादर काढली, तिची छान घडी घातली, समोर टेबलावर ठेवली आणि घडी उलगडू नये म्हणून तिच्यावर नारळ ठेवला.

घडीखाली टेबलावरचा माइक होता. ह्या माइकला बोलताना दाबायची रुंद पट्टी असते. नारळाच्या वजनानं ती पट्टी दाबली गेली. बोलणं हवेवर जात असताना सेटवर लाल दिवा लागतो, तो चादरीच्या काठाआड गेला. आता रेडिओचं असं आहे की एकानं पट्टी दाबून धरली की बाकीच्यांना फक्त ऐकावं लागतं. त्यांनी कितीही हाका मारल्या तरी त्या ह्याला ऐकू येत नाहीत. त्यात सात रस्त्याचा अँटेना जिल्ह्यात सगळ्यात उंच. तेव्हापासून मंद्रूपचा वर्ग, कलेक्टर ऑफिस, बोट आणि घरोघरी सेट लावून बसलेले क्लबचे सभासद, सगळे त्या खोलीतलं बोलणं ऐकत होते. खोलीत मात्र स्पीकर गप्प झाला होता. पाणी उतरायला लागलं वाटतं, असं उदयसिंह शहाजीला म्हणाले आणि त्यांनी खालून चहा मागवला.

चहा पिता पिता शहाजीनं विचारलं, "पलीकडं मंद्रूपला कोण हाय आपलं?"

"दिपक हाय. सर्वगोड," उदयसिंह म्हणाले. आडनाव ऐकून शहाजीनं नुसती मान हलवली, तेव्हा ते पुढं बोलत गेले. "त्यांच्यातला हाय, पण पोरगं चांगलं हाय. परीक्षेला मीच बसवला, न्हाईतर ह्या लोकांना कुठला रेडिओ. बँकेतली नोकरी काय, ती त्यांना मिळतेच की. पुरात पाठवायला असलाच माणूस लागतो बघ. चिखलात म्हण, कुणाच्या गोठ्यात म्हण, कुठंबी पडून ऱ्हातंय. आपल्या घरची पोरं पाठवायची व्हय तितं?"

शहाजी हसला. उदयसिंहही हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण दोन मित्र चहा पिताना हसतात तसे हसले. मग क्लबसाठी मोठी जागा मिळवायचं बोलणं निघालं आणि ते बराच वेळ चाललं.

मोबाइलची रिंग कामात व्यत्यय आणते म्हणून काम चालू असताना सगळ्यांनी आपले फोन खाली दुकानात ठेवायचे, हा उदयसिंहांनी स्वतःच घालून दिलेला नियम होता. उत्कर्षा फोन करून करून थकली. शेवटी कलेक्टर ऑफिसातून ती गाडी काढून आली, जिना चढून खोलीत आली, कुणाशी काही न बोलता तिनं टेबलावरचा नारळ उचलला आणि चादर बाजूला केली. लाल दिवा विझला. त्याच क्षणाला स्पीकरमधून दिपकचा आवाज आला. तो किती वेळ हाका मारत होता कोण जाणे. आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. बोट चुकीच्या वस्तीकडं गेली आहे, ती वस्ती सकाळीच रिकामी केलेली आहे. दूध संकलन केंद्राच्या पत्र्यावर काशम्मा नावाची म्हातारी, तिची सून आणि नातवंडं आहेत, बोट तिकडं वळवा. एवढं सांगून तो थांबला. निरोप मिळाला का, एवढंच त्यानं नंतर विचारलं.

उदयसिंहांनी मिळाला म्हणून सांगितलं. आपला आवाज आपल्यालाच परका वाटतोय, हे त्यांना कळलं. माइक चालूच होता की काय, असं शहाजीनं विचारलं, मग तो चादरीकडं बघून पुन्हा हसला आणि माणसं घेऊन निघून गेला. उत्कर्षा दारात उभी होती.

"पप्पा, कंट्रोल रूममध्ये सगळं स्पीकरवर होतं," ती म्हणाली. मग तीही गेली.

बोट वळेपर्यंत अंधार पडला. त्या पाण्यात अंधारात बोट घालायला पथकानं नकार दिला, आणि तो बरोबरच होता. काशम्मानं आणि तिच्या घरच्यांनी रात्र पावसात पत्र्यावर काढली. सकाळी सगळ्यांना सुखरूप आणलं, पण म्हातारीच्या छातीत कफ भरला आणि पूल मोकळा झाल्यावर तिला सोलापूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. ती बरी झाली. उदयसिंह तिला भेटायला गेले, वॉर्डाच्या दारापर्यंत गेले, आत सून तिला पेज भरवत होती ते बघितलं आणि तसेच माघारी आले. ती कानडीत बोलणार आणि आपल्याला धड कानडी येत नाही, असं कारण त्यांनी जिना उतरताना स्वतःला दिलं. जिना संपायच्या आत ते कारण त्यांनाच पटेनासं झालं.

पूर ओसरला तसे क्लबच्या सभासदांचे फोन आले. बहुतेकांनी त्यांची समजूत घातली. होतं असं, तुम्ही काय मुद्दाम बोलला का, चूक माइकची आहे. एकानं तर पट्टी दाबलेली राहिली तरी थोड्या वेळानं आपोआप सुटणारा माइक कुठं मिळतो तेही सांगितलं. उदयसिंहांनी तो माइक मागवला. पार्सल उघडताना त्यांना जरा बरं वाटलं, आणि मग आपल्याला बरं वाटलं ह्याचीच इतकी लाज वाटली की त्यांनी माइक तसाच खोक्यात ठेवून दिला. त्यांनी माइकबद्दल विचार केला होता, दिपकबद्दल केला नव्हता. फोन करणाऱ्या सगळ्यांनी तेच केलं होतं. दिपकला एकानंही फोन केला नव्हता. उत्कर्षा घरात समोरून जायची यायची, ताट वाढायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. एरवी बापाची दिवसातून दहादा टिंगल करणारी पोर, तिची टिंगल बंद झाली होती. त्यांना जेवण जाईना.

शेवटी ते पेढे घेऊन कुंभारीला गेले. गावात शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला दिपकचं घर माहीत नाही. तो इतकी वर्षं आपल्या गच्चीवर चढत होता आणि आपण एकदाही त्याच्या दारात गेलो नाही. किराणा दुकानात विचारावं लागलं. दुकानदारानं सर्वगोड साहेब का, असं विचारून घर दाखवलं. त्या साहेब शब्दानं उदयसिंह चमकले, आणि चमकल्याबद्दल पुन्हा शरमले.

दार दिपकच्या बायकोनं, संघप्रियानं उघडलं. ती शाळेत शिक्षिका आहे. तिनं या बसा म्हटलं, पाणी दिलं, चहा टाकला. तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती आणि जिव्हाळाही नव्हता. चहा आला तेव्हा उदयसिंहांनी तो मोठ्या उत्साहानं घेतला, छान झालाय म्हणाले, तळाचा घोटही ठेवला नाही. कप खाली ठेवताना त्यांना कळलं की आपण चहा पीत नव्हतो, आपण तुमच्या घरचा चहा पितो हे दाखवत होतो. समोर बसलेल्या नवराबायकोलाही ते कळलं असणार.

त्यांनी माफी मागितली. बोलण्याच्या ओघात तोंडातून गेलं, मनात तसं काही नव्हतं, तुला मी कधी वेगळं मानलं नाही, तू घरच्यासारखाच. दिपकनं सगळं ऐकून घेतलं. मग तो बोलला.

"सर, तुम्ही बोलत होता तेव्हा आमचा सेट शाळेच्या वर्गात होता. गावातली माणसं भोवती बसलेली. कुणाची आई पलीकडं, कुणाची जनावरं. सगळी माझ्याकडं बघत होती. मला आवाज बारीक करता येत नव्हता. तुमची पट्टी कधी सुटंल ते कळायला पाहिजे, नाहीतर निरोप कसा देणार? म्हणून मी सगळं ऐकलं. तुमचं हसणंसुद्धा."

उदयसिंह पुन्हा माफी मागायला लागले तसं दिपकनं त्यांना मधेच थांबवलं.

"बोललात ते जिल्ह्याला ऐकू गेलं. माफी मात्र माझ्या हॉलमध्ये मागताय," तो म्हणाला. पेढ्यांचा पुडा त्यानं नाकारला नाही. तो टेबलावर होता तिथंच राहिला.

क्लबचा एक रिवाज आहे. दर रविवारी सकाळी सगळे सभासद एकाच वेळी आपापल्या सेटवर येतात. नियंत्रक आधी काही सांगायचं असेल तर सांगतो, मग एकेकाचा कॉलसाइन घेऊन हजेरी घेतो. पुरानंतर दोन-तीन रविवार उदयसिंहांनी ताप आल्याचं कळवून हे टाळलं होतं. ह्या रविवारी ते खोलीत जाऊन बसले. दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि जुनाच माइक पुढ्यात ओढला. माफी मागायची हे पक्कं होतं. कशी मागायची ते त्यांनी रात्रभर घोळवलं होतं, आणि घोळवता घोळवता ती चांगली गुळगुळीत झाली होती.

त्यांनी पट्टी दाबली. गेल्या महिन्यात पुराच्या कामात तांत्रिक बिघाडामुळं काही खाजगी संभाषण हवेवर गेलं, त्यातून कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्लबचा अध्यक्ष ह्या नात्यानं आपण दिलगिरी व्यक्त करतो, असं ते म्हणाले. पट्टी सोडली. एरवी त्यांनी काहीही सांगितलं तरी दोघे-तिघे लगेच वा, छान, म्हणत. आज कुणी आपलं बटण दाबलं नाही. बार्शीवाले ऐकत होते, अक्कलकोटवाले ऐकत होते, मंद्रूपला गुरुजी ऐकत होते, घरी उत्कर्षा ऐकत होती. स्पीकरमधून नुसती खरखर येत राहिली.

आता सरळ हजेरी सुरू केली असती तर प्रकरण मिटलं असतं. मागितली की माफी, असं सगळ्यांना म्हणता आलं असतं. उदयसिंहांना हे स्पष्ट दिसत होतं, आणि असं मिटवायची आपल्याला किती सवय आहे तेही त्या खरखरीत पहिल्यांदा दिसलं. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी पुन्हा पट्टी दाबली.

"मी उदयसिंह जगदाळे बोलतोय. मघाशी केली ती सारवासारव होती. बिघाड कसलाही नव्हता, माइक चांगला होता. त्या दिवशी मी दिपक सर्वगोड यांच्या जातीवरून बोललो. तोंडातून चुकून गेलं असं मी त्यांना सांगितलं, ते खोटं आहे. मला तसंच वाटत होतं म्हणून मी तसं बोललो. पुरात मी त्यांना पाठवलं कारण मला माझी मुलगी पाठवायची नव्हती, आणि त्यांना पाठवताना मला काहीच वाटलं नाही. माझ्या बोलण्यामुळं बोट वेळेत वळली नाही आणि काशम्मांना आणि त्यांच्या घरच्यांना रात्र पत्र्यावर काढावी लागली. दिपक, मी तुमची माफी मागतो. तुम्ही सगळ्यांसमोर ऐकलंत, म्हणून सगळ्यांसमोर मागतोय."

त्यांनी पट्टी सोडली. दिपकला त्यांनी ह्याआधी कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. स्पीकरमध्ये पुन्हा खरखर सुरू झाली आणि ती संपेचना. आपण वाट बघतोय हे त्यांना ठाऊक होतं, पण कशाची ते आवाज आल्यावरच कळलं.

दिपकनं नियमाप्रमाणं आधी आपला कॉलसाइन सांगितला.

"ऐकलं," तो म्हणाला. "हजेरी सुरू करा."

बस, एवढंच. सर नाही, असू द्या नाही. उदयसिंहांना आयुष्यभर लोक असू द्या म्हणत आले होते. उशीर झाला तरी, आवाज चढवला तरी, कुणाचं श्रेय घेतलं तरी. आत्ताही इतकं सगळं उघडं करून बोलल्यावर त्या एका शब्दासाठी त्यांनी मनात जागा धरून ठेवली होती, आणि तो येणार नव्हता. पुढच्या रविवारीही येणार नव्हता. दर रविवारी ते दिपकचा कॉलसाइन घेणार होते, तो हजर म्हणून सांगणार होता, आणि त्यातून तो काय म्हणतोय हे जिल्ह्यातल्या प्रत्येक सेटवर कळणार होतं. माफी मागितली म्हणजे ती मिळते, अशी त्यांची समजूत होती. ह्या वयात ती गेली.

सगळे थांबले होते. हजेरीत पहिलं नाव मंद्रूपच्या सिद्राम गुरुजींचं होतं. उदयसिंहांनी पट्टी दाबून त्यांचा कॉलसाइन घेतला. गुरुजींनी तो पुन्हा सांगा म्हणून विनंती केली, कारण पहिल्यांदा तो उदयसिंहांच्या तोंडून नीट बाहेरच आला नव्हता.